43च्या पुढे आपलं आपण बघा

फ्रिजच्या पाठीवर किंवा दाराच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतं. मॉडेल, लिटर, व्होल्ट यांच्या गर्दीत त्यावर कुठेतरी 'एन', 'एसटी' किंवा 'टी' अशी अक्षरं छापलेली असतात. ती कोणी वाचत नाही. वाचली तर फ्रिज विकला जाणार नाही, निदान नागपूरजवळच्या आमच्या कन्हानमध्ये तरी नाही.

ही हवामानाची श्रेणी. 'एन' म्हणजे 16 ते 32 अंश, 'एसटी' 16 ते 38 आणि सगळ्यात दणकट जी 'टी', म्हणजे ट्रॉपिकल, ती 16 ते 43. भोवतालची हवा या पट्ट्यात असेल तर फ्रिज आपलं काम करील, एवढाच आंतरराष्ट्रीय मानकाचा शब्द. 43च्या पुढे आपलं आपण बघा.

आता नागपूरचा हिशेब. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंशांची नोंद झाली. 43 हा आमच्याकडे उन्हाळ्याचा कळस नव्हे, एप्रिलअखेरचा एखादा मंगळवार असतो. ज्यांनी 'ट्रॉपिकल'ची व्याख्या केली त्यांनी बहुधा समुद्रकाठचा उष्ण प्रदेश पाहिला असावा. कामठी-कन्हानचा नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते होरपळीचे नऊ दिवस, पाहिला नसावा. 2024च्या मे महिन्याच्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. मागाहून हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. बिघडायलाही त्याने नवतप्याचाच मुहूर्त काढला, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

गंमत स्टिकरच्या खालच्या टोकालाही आहे. 16 अंश. जानेवारीच्या पहाटे कन्हान नदीच्या काठाला पारा दहाच्या आसपास असतो. म्हणजे मेच्या दुपारी हमी नाही आणि जानेवारीच्या पहाटेही नाही. मधला पावसाळा तेवढा कंपनीला मान्य आहे.

घरातल्या फ्रिजचं तरीही भागतं. तो सावलीत असतो, समोर कूलर घोंघावत असतो, भिंत हलत नाही. प्रश्न आहे चाकांवरच्या फ्रिजचा. आणि तो प्रश्न आता आमच्या दारावरून जायला लागला आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच पलंग, गाडीतच मोरी, गाडीतच ओटा आणि ओट्याखाली फ्रिज. नागपुरातून निघायचं, 44 नंबरचा महामार्ग धरायचा, डावी-उजवीकडे कन्हान, मनसर, देवलापार सोडत पेंचला वाघ बघायला जायचं. बायपास झाल्यापासून या मंडळींना कन्हान दिसतही नाही. दिसतं ते फ्रिज बंद पडल्यावर. मग गाडी वळते, जुन्या रस्त्याने गावात शिरते आणि तारसा चौकात थांबून विचारते, "इथे फ्रिजवाला कुठे बसतो?"

तो बसतो. पण आधी गाडीत काय बसवलंय ते पाहू.

परदेशी कॅराव्हॅनमध्ये वर्षानुवर्षं जो फ्रिज असायचा तो कॉम्प्रेसरवर चालत नाही, उष्णतेवर चालतो. खाली गॅसची ज्योत किंवा विजेचं हीटर. त्याच्या आचेवर अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन थंड होऊन द्रव होतो, हायड्रोजनच्या सोबतीने पुन्हा वाफ होताना खाद्यपदार्थांची उष्णता शोषतो आणि परत पाण्यात मिसळतो. फिरणारा एकही भाग नाही, आवाज शून्य. 1922 मध्ये बाल्त्सार फोन प्लातेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी तो काढला आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने विकत घेऊन जगभर नेला. मोठ्या हॉटेलच्या खोलीत जो मुका मिनीबार असतो, तोही बहुतेकदा याच घराण्यातला. विस्तवाने बर्फ करणं ही युक्ती मात्र स्वीडनची, जिथे बाहेरची हवाच निम्मं काम करून देते.

या फ्रिजला दोन गोष्टी लागतात. एक, पाठीमागे वाहती हवा. खालून थंड शिरावी, वरून गरम निघावी. दोन, सपाट जमीन. आतला द्रव केवळ उतारावरून वाहत परत येतो. ढकलायला पंप नाही. गाडी तिरकी उभी राहिली आणि फ्रिज चालूच ठेवला, तर द्रव एका जागी साचतो, तापतो आणि गंज लागू नये म्हणून त्यात घातलेला क्षार घट्ट होऊन नळी बुजवतो. एकदा बुजली की बुजली. मागे पिवळी भुकटी आणि अमोनियाचा उग्र वास आला तर समजावं, दुरुस्तीचा विषय संपला. चालत्या गाडीत द्रव हिंदकळत राहतो म्हणून भागतं. घात होतो तो मुक्कामाला. आणि आपल्याकडे गाडी लावायची सपाट जागा म्हणजे ढाब्याचं आवार, जिथे एक चाक मुरमावर आणि एक खड्ड्यात.

शिवाय गॅस. अमेरिकेत डोमेटिक आणि नॉरकोल्ड या दोन्ही मोठ्या कंपन्यांना आगीच्या धोक्यापायी विकलेले असंख्य फ्रिज दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले; डोमेटिकचा आकडा 2006 मध्येच लाखांत गेला होता. हे झालं तिथे, जिथे सिलिंडरच्या कप्प्याचेही नियम असतात. इथे लाल घरगुती सिलिंडर गाडीच्या शिटाखाली आडवा झोपवणारे महाभाग आहेत. त्यांनी वाघ बघायची घाई करू नये.

म्हणून आपले बॉडीवाले शहाणपणाने दुसरा रस्ता घेतात: 12 व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज. हा उताराला फारसा भीत नाही, उन्हातही बरा तग धरतो. इथपर्यंत उत्तम. पुढचं सगळं आपण करतो.

पहिलं, बॅटरी. असा फ्रिज चालू असताना साधारण 4 अँपिअर घेतो. गार हवेत तो अर्धा वेळ झोपून काढील, पण मेमध्ये त्याला बसायलाच उसंत नाही. दिवसाचा सत्तर टक्के वेळ चालला असं धरा. 24 तासांत 67 अँपिअर-तास झाले. गाडीत बसवली 100ची लेड-ॲसिड बॅटरी, जी निम्म्याच्या खाली नेली की लवकर म्हातारी होते. म्हणजे हातात 50. पहाटेपर्यंत बॅटरी मान टाकते, फ्रिजचं इलेक्ट्रॉनिक कार्ड तिला वाचवायला कॉम्प्रेसर बंद करतं आणि सकाळी मालक दार उघडून कोमट दुधाकडे बघत म्हणतो, फ्रिज खराब निघाला.

दुसरं, वायर. बॅटरी पुढे, फ्रिज मागे, मध्ये सहा-सात मीटर अंतर. तेवढ्यासाठी दिव्याला टाकतात ती बारीक वायर ओढलेली असते. 12 व्होल्टमध्ये वाटेत एक व्होल्ट गळणं म्हणजे थेट नोकरीवर गदा. बॅटरीपाशी मीटर लावला तर सगळं ठीक, फ्रिजपाशी लावला तर उपाशी. पण मीटर फ्रिजपाशी लावतो कोण? तिथे हात जात नाही.

हात का जात नाही, हे तिसरं आणि खरं दुखणं. फ्रिज कपाटात बसवतात. कपाट सागाच्या रंगाचं, कडांना सोनेरी पट्टी, आत निळा दिवा. मागे प्लाय, बाजूला प्लाय, वर प्लाय, आणि प्लायमागे उन्हात तापलेला पत्रा. कॉम्प्रेसर आपली गरम हवा सोडतो आणि तीच पुन्हा ओढतो. बाहेर 45, बंद गाडीत त्याहून दहा अंश सहज जास्त, आणि त्या कपाटाच्या पाठीमागे किती, ते मोजायला वर उल्लेख केलेला सेन्सरच आणावा लागेल. स्टिकरवरचा 43 हा आकडा याच हवेसाठी आहे. पुढच्या सीटवरच्या एसीच्या झोताशी त्याचं काही देणंघेणं नाही.

तारसा रोडवरचा मेकॅनिक पाच मिनिटांत निदान सांगतो. "फ्रिज कायले बदलता भाऊ? त्याले हवाच नाही. मागची प्लाय कापा, खाली एक जाळी, वर एक जाळी. वायर जाड टाका."

एवढं स्वच्छ, स्वस्त आणि बरोबर निदान ऐकून गाडीमालकाचा चेहरा पडतो. प्लाय कापायची? त्या फिनिशिंगचे पैसे मोजलेत. बाहेरून पत्र्याला भोक? गाडीची रीसेल जाईल. घरून फोन येतो, मेव्हणा सांगतो की त्याच्याकडे अमुक कंपनीचा आहे आणि काहीच त्रास नाही (मेव्हण्याचा फ्रिज अर्थातच घरात, कूलरसमोर). फोन ठेवेपर्यंत निर्णय झालेला असतो: बदलून टाकू.

आपल्याकडे बदलायचं म्हणजे वस्तू बदलायची. जोडणी, वायरिंग, हवा, उतार, सवय यांना बदलीच्या यादीत जागाच नसते. कूलर गार करत नाही? नवा घ्या, खस तीन वर्षांची आहे, ती राहू द्या. मोटर जळली? नवी आणा, लाइनचं व्होल्टेज बघणारा पुढच्या वेळी येईल. नव्या वस्तूचा फोटो ग्रुपवर टाकता येतो. पत्र्याला पाडलेल्या भोकाचा फोटो टाकून कोणी अभिनंदन मिळवल्याचं ऐकिवात नाही.

काही हुशार मंडळी आणखी पुढे जातात. 'ते कॅराव्हॅनचे फ्रिज नखरेल असतात' म्हणत घरचा मोठा दोन दारी फ्रिज इन्व्हर्टर लावून गाडीत उभा करतात. त्याला बिचाऱ्याला आयुष्यभर फरशीवर उभं राहायचं शिक्षण. खड्ड्यांनी कॉम्प्रेसरचे रबर सैल होतात, बारीक नळीच्या जोडावर केसाएवढी भेग पडते, गॅस गुपचूप निघून जातो. दार मनसरच्या आधी एकदा आपोआप उघडतं आणि अंडी गाडी बघायला बाहेर येतात.

या सगळ्या गोंधळात एक विसंगती मला सोडवत नाही. चाकांवर घर करून राहणारी माणसं या महामार्गावर धोरण येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. श्रीनगर ते कन्याकुमारी हा देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग. त्यावरचा ट्रक ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे केबिनमध्ये झोपतो, स्टोव्हवर भाजी करतो, टाकीच्या नळाखाली आंघोळ करतो. त्याच्या गाडीला कॅराव्हॅन म्हणत नाहीत, कारण तो पर्यटन करत नाही, काम करतो. त्याला केबिनमध्ये एसी द्यावा हे ठरायला आणि कागदावर उतरायला इतकी वर्षं गेली की नव्या मध्यम आणि अवजड ट्रकांना तो सक्तीचा झाला तो 1 ऑक्टोबर 2025 पासून. शेजारच्या नागपूरच्याच खासदारांच्या खात्याने केलं, त्याचं श्रेय द्यावंच. पण जुन्या गाड्या जुन्याच. त्यातल्या ड्रायव्हरचा फ्रिज म्हणजे बर्फाच्या कारखान्यातून घेतलेला लादीचा तुकडा, पोत्यात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात. त्याची वॉरंटी सिवनीपर्यंत.

याला मागासलेपण म्हणण्याआधी एकदा कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात डोकवा. तिथे लसींसाठी 'आयएलआर' नावाचा फ्रिज असतो; त्याच्या भिंतींतच बर्फाचा थर. दिवसातून आठ तास लाइन मिळाली तरी तो आतलं तापमान 2 ते 8 अंशांत धरून ठेवतो. तिथून लस निघते ती चार बर्फपट्ट्यांच्या छोट्या डब्यात, नर्सताईंच्या खांद्यावरून, दुचाकीवर, मेच्या उन्हात, गोंडेगाव नाहीतर साटकच्या वाटेला. दिवसभर थंडी टिकते. आइस्क्रीमच्या अनेक गाड्याही याच तत्त्वावर: रात्री डेपोत वीज लावून आतल्या प्लेटा गोठवायच्या आणि दिवसभर त्या वितळण्यावर गाडी फिरवायची. थंडी आधी साठवा, मग निघा. कॅराव्हॅनवाल्याला हे सांगा. तो निघतानाच कोमट बिअरचे दोन क्रेट, कालचं गरम वरण आणि चार किलो संत्री एकदम आत कोंबतो आणि कामठीच्या पुलावर दार उघडून बघतो, गार झालं का.

तर मेकॅनिकने नवा फ्रिज बसवून दिला. गिऱ्हाइकाने सांगितल्याप्रमाणे त्याच कपाटात, त्याच वायरवर, सोनेरी पट्टीला ओरखडा न येऊ देता. पैसे मोजून घेतले. जुना फ्रिज 'तूच ठेव, भंगारात टाक' म्हणून मिळाला.

त्याने तो दुकानात, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून, जाड वायरीने एका जुन्या ट्रकच्या बॅटरीला जोडला आहे, बॅटरी चार्जरवर. हाताखालच्या पोरांच्या ताकाच्या बाटल्या त्यात असतात. परवा उन्हातून गेलो तेव्हा मलाही एक दिली. दात शिवशिवले.

"बाप्पा, हा तर चालतो की," मी म्हटलं.

"चालतच होता," तो म्हणाला आणि बाहेर बघू लागला. चौकातून एक पांढरी, उंच, पडदेवाली गाडी हळूहळू वळत होती. त्याने पोराला हाक मारून दुकानातली जागा रिकामी करायला सांगितलं.