लाल कांडी

आमच्या १९८७ च्या प्रीमियर पद्मिनीची तब्येत बिघडल्याचं मला जॅकनं सांगितलं. चाक बदलायला पुढून उचलली, तर डावं दार लागेना. खाली उतरवली, लागलं. म्हणजे गाडीचा पुढचा भाग जुन्या खाटेसारखा कलत होता. मी लगेच वाचन केलं. त्यानंतर आठवडाभर 'टॉर्शनल रिजिडिटी', म्हणजे पीळ न पडू देणारा ताठपणा, हे शब्द मी इतक्यांना ऐकवले, की लिफ्टमध्ये मी दिसलो की लोक जिन्याकडे वळत.

मग एक चकचकीत लाल कांडी मागवली. बॉनेटखाली या मडगार्डापासून त्या मडगार्डापर्यंत आडवी बसवायची. मिस्त्रींनी ती उलटसुलट करून पाहिली. "साहेब, ही मॅकफर्सनवाल्या गाड्यांची. तिथं स्प्रिंग वरच्या पत्र्याला ढुशा देते. आपल्याला विशबोन, जोर सगळा खाली क्रॉसमेंबरवर. हिच्यावर टॉवेल वाळत घाला."

या गाडीला वेगळी चासी नाही, पत्रा हीच हाडं. आणि पत्रा गंजलेला. "सडक्या पत्र्याला पट्टी मारणं म्हणजे पापडात खिळा." सडका भाग कापला, नवा जोडला. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी होईतो गाडीला टेकू दिले आणि मगच इंजिनामागच्या फायरवॉलपासून पुढे दोन तिरके अँगल वेल्ड केले. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. गोठ्याच्या फाटकाला तिरकी पट्टी मारणारा सुतार हे न वाचता जाणतो.

आता या गाडीच्या पूर्वजाबद्दल, म्हणजे डुकराबद्दल, बोलायलाच हवं. पन्नासच्या दशकातली फियाट ११००, गोल नाकाची, पुढची दारं उलटी उघडणारी. तिला आपण 'डुक्कर फियाट' म्हटलं, तेही लाडानं. १९६४ मध्ये तिच्याच वंशातली 'डिलाइट' आली आणि दहा वर्षांनी तिचं बारसं झालं 'पद्मिनी'. डुकराच्या घराण्यातून थेट चितोडच्या राणीवशात! एवढी बढती आमच्या खात्यात कुणाला मिळाली नाही. मला शाळेत ठेवलेलं नाव अजून तेच आहे. तेही प्राण्याचंच.

असो. बायकोच्या हाताला मात्र एक सवय जडली आहे: दार किंचित उचलायचं आणि मग ओढायचं. सव्वीस वर्षं. तेवढीच वर्षं मी म्हणत आलो, "अगं, हळू लाव, तू आपटतेस म्हणून खिळखिळं झालंय." दार तिनं बिघडवलं नव्हतं. बिघडलेलं दार ती रोज सांभाळून घेत होती आणि मी तिला ड्रायव्हिंग सीटवरून अक्कल शिकवत होतो. हे तिला सांगायचं मी तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा टॉर्शनल रिजिडिटीबद्दल बोललो.

आता दार एका बोटानं लागतं. ती अजून उचलूनच लावते.

कांडीही बसवून घेतली, पैसे मोजलेत. अँगल काळ्या रंगाखाली दिसत नाहीत, त्यामुळे बॉनेट उघडलं की लोक कांडीचंच कौतुक करतात. मी बॉनेट बरंच उघडतो.