अण्णांची कंपनी

अण्णांनी आपल्या पिकअपच्या कंपनीचं नाव घेतलेलं पूर्णगडात कुणी ऐकलेलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यातलाच प्रकार. स्वतःची ती ‘आमची कंपनी’. पलीकडच्या अंगणात चुलतभावाची पिकअप उभी असते, तिच्याकडे हनुवटी उडवून नुसतं ‘ती’. अण्णा घेत नाहीत, तर मीही नाव घेत नाही.

मुचकुंदीच्या मुखाशी वसलेल्या या गावात पिकअपला उसंत नाही. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या भरायच्या, ताडपत्री आवळायची आणि रात्रभर हातखंबा, चिपळूण, कशेडी करत पहाटे वाशीचा बाजार गाठायचा. एरवी चिरे, सिमेंट, मंडपाचे बांबू, मासळीची खोकी. गणपतीत मूर्ती, आणि मूर्तीच्या मागे अख्खं घर.

एवढ्या राबणाऱ्या गाडीचं काहीतरी निघायचंच. पण ते कधीही कंपनीवर जात नाही. सायलेन्सर सडला? खारा वारा. (मासळीच्या बर्फाचं पाणी हौद्यात मुरतं आणि अण्णा तो हौदा धुतात खाडीच्या पाण्यानं, हा विषय काढायचा नाही.) पाटा तुटला? रस्ता. त्या दिवशी चिरे किती भरले होते, हेही विचारायचं नाही. ऐन हंगामात, भरल्या गाडीचा क्लच चढावर जळला, तेव्हा वास घाटीभर पसरला होता. अण्णा खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “दुसरी असती तर मागे गेली असती. आमची जागच्या जागी उभी राहिली.”

तेच चुलतभावाचा टायर पंक्चर झाला की, “ती कंपनीच तसली!” टायर कंपनी बनवत नाही, असं मी एकदा म्हटलं. “पण निवडते ना?” अण्णांनी मला गप्प केलं.

म्हणून मग इतिहास काढून पाहिला. म्हटलं, अण्णा, टाटांची टेल्को 1945 सालची आणि महिंद्रही 1945 चीच. एकीनं रेल्वे इंजिनं करायला घेतली, दुसरी पोलादाच्या व्यापारातून जीपकडे वळली. दोघींचा कारभार मुंबईतूनच. पुढे 2000 साली बोलेरो आली, 2005 साली टाटांचा एस आला, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात. यात कोण चांगलं, कोण वाईट?

अण्णांनी सुपारी कातरायची थांबवली. “एकाच साली, एकाच गावात? म्हणजे भाऊबंदच की. मग जमणार कसं?”

खरी मेख तिथेच आहे. दोन घरांत बांधावरच्या रायवळ आंब्यावरून जुना वाद. अण्णांनी गाडी घेतली, वर्षभरात चुलतभावानंही घ्यायची ठरवली. तीच घेतली असती तर अण्णांची नक्कल झाली असती. शोरूमच्या पोरानं ॲव्हरेज, वॉरंटी, हप्ते सगळं पाठ म्हणून दाखवलं. गिऱ्हाइकाचा निर्णय आंब्याखाली आधीच झाला होता.

या दोन्ही निष्ठा चालू ठेवतो तो पावसचा गॅरेजवाला. त्याच्या बाकाखालच्या डब्यात दोन्ही कंपन्यांचे नटबोल्ट गुण्यागोविंदानं नांदतात. गेल्या हंगामात अण्णांच्या मुलानं गाडीला नवा, सुरात ओरडणारा हॉर्न बसवून घेतला. जुना गॅरेजवाल्यानं डब्यात टाकला आणि आठवड्याभरात चुलतभावाच्या गाडीला लावून टाकला. हे त्यानं मला सांगितलं, आणि अण्णांना सांगू नका असंही.

परवा तो आणि मी अण्णांच्या ओटीवर चहा घेत होतो. पुलाकडून हॉर्न वाजला. अण्णांनी बशी खाली ठेवली, बोट वर केलं.

“ऐकलात? न बघता सांगतो, आमच्या कंपनीची गाडी. त्यांच्याकडे असला आवाज आहे का?”

“छे, कुठून असणार?” गॅरेजवाला म्हणाला आणि त्यानं आणखी अर्धा कप मागितला.