शाई, कागद आणि सासूबाई

घरगुती प्रिंटर स्वस्त असतो. महाग असते ती शाई, आणि शाईपेक्षा महाग पडतात ते नातेवाईक. यातली पहिली गोष्ट दुकानदार आनंदानं सांगतो, दुसरी खोदून विचारल्यावर सांगतो, आणि तिसरी त्याच्याही घरी असते म्हणून तो गप्प बसतो.

पूर्वी ही लूट उघड उघड होती. प्रिंटर कवडीमोलानं मिळायचा आणि आतली कार्ट्रिज संपली की नव्या कार्ट्रिजच्या किमतीत जवळजवळ दुसरा प्रिंटर यायचा. आपली माणसं अशा वेळी हातावर हात धरून बसत नाहीत. कार्ट्रिजला भोक पाडून इंजेक्शनच्या सुईनं शाई भरणारे डॉक्टर गावोगावी तयार झाले. त्यांच्याही पुढचे लोक प्रिंटरच्या शेजारी बाटल्या मांडून नळ्या थेट त्याच्या पोटात सोडू लागले. इंडोनेशियातही हेच चाललं होतं. शेवटी एप्सन कंपनीनं २०१० मध्ये तिथंच, बाटलीनं शाई ओतायच्या टाकीचा प्रिंटर स्वतः बाजारात आणला. कॅनन आणि एचपीही मागोमाग आले. जुगाडाला वॉरंटी मिळाली, एवढाच काय तो फरक.

असा एक टाकीवाला प्रिंटर आमच्या लातूरच्या घरी आला, त्याला कारण 'नीट', मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा. लातुरात बारावीचं पोरगं घरात असलं की त्या घराचं सरकारी कार्यालय होतं. फॉर्म, दाखले, झेरॉक्स आणि फोटो, फोटो, फोटो. त्यात तेव्हा 'नीट'ला पासपोर्ट साइजवर भागत नव्हतं. ४ बाय ६ इंचांचा पोस्टकार्ड फोटोही लागायचा. पार्श्वभूमी पांढरी, चेहरा ऐंशी टक्के, आणि दोन्ही कान दिसलेच पाहिजेत. अभ्यासाच्या लातूर पॅटर्ननं आजवर पोरांच्या डोक्याची काळजी वाहिली, कानांची ही पहिलीच वेळ. "स्टुडिओत कशाला जायचं? घरीच काढू की," असं ठरलं. आमच्या घरात काहीही 'घरीच' ठरलं की त्याचा खर्च दुप्पट होतो. पण ते नंतरचं.

प्रिंटर आल्याची बातमी गल्लीत मी सांगितली नाही. खोकं कचऱ्यात दिसलं तेवढं पुरलं. संध्याकाळी शेजारच्या काकू मोबाईल घेऊन हजर.

"सर, एवढा आमच्या बारक्याचा फोटो मारून देता का? दोनच."

"देतो की. पण काकू, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा आहे. मूळ फोटो पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे बारीक होत नाही."

"डॉक्युमेंट म्हणजे? सातबारा पाठवू का?"

हसण्यावारी नेऊ नका, सगळी गोम इथंच आहे. कागदावर नीट दिसायला इंचाला तीनशे ठिपके लागतात. म्हणजे ४ बाय ६ च्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल आणि ए-फोर कागदभर फोटोला २४८० बाय ३५०८. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या वाटेनं आलेला फोटो लांब बाजूनं साधारण सोळाशेवर येऊन थांबतो. त्यात पोस्टकार्ड कसंबसं भागतं. भिंतीवर लावायला तोच मोठा केला की नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो याचा पंचनामा करावा लागतो. तरी लोक डीपीचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि वर लिहितात, 'फुल साइज, क्लिअर'. आमच्या एका चुलत्यांनी तर लग्नातला समूहफोटो पाठवून मागच्या रांगेतला, अर्धा झाकलेला स्वतःचा चेहरा 'पुढं घेऊन' मागितला होता.

आता या यंत्राच्या पोटात काय चालतं ते एकदा बघायला हवं. शाईचा एकेक थेंब काही पिकोलिटरचा असतो. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोलिटर. केसाहून बारीक छिद्रांतून हे थेंब कागदावर उडतात. काही यंत्रांत शाई क्षणभर तापवून बुडबुडा करतात आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. काहींत विजेनं वाकणारा स्फटिक तेच काम करतो. बुडबुड्याची कल्पना कॅननच्या एका इंजिनिअरला १९७७ मध्ये सुचली म्हणतात. तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून टेकलं आणि शाई फुर्र उडाली. आपल्याकडे असं झालं असतं तर आधी शर्ट कुणी धुवायचा यावर भांडण झालं असतं आणि शोध तिथंच राहिला असता.

एवढी बारीक छिद्रं आणि आमचा मे महिना! पारा बेचाळीसच्या पुढं, हवेत ओलाव्याचं नाव नाही. आठ-पंधरा दिवस प्रिंट काढला नाही की छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते, आणि पुढच्या फोटोत कपाळावरून पांढऱ्या रेघा जातात. यावर 'हेड क्लीनिंग' नावाचा उपाय आहे. बटण दाबलं की प्रिंटर घरघरतो आणि वाळलेल्या शाईला धक्का द्यायला चांगली शाई मोकळ्या हातानं सोडून देतो. ही सोडलेली शाई खालच्या स्पंजात मुरते. स्पंज भरला असा हिशेब त्याच्या डोक्यात झाला की प्रिंटर संप करतो आणि सर्व्हिस सेंटरला न्या म्हणतो. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या लातूरच्या माणसाला हे बघवत नाही. आम्ही भाजी धुतलेलं पाणी कुंडीला घालणारी माणसं; इथं डोळ्यांदेखत किरमिजी शाई वाहून जाते आणि तिचं काहीच करता येत नाही. म्हणून सोपा नियम: आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक छोटं चित्र छापायचं. आमच्या गल्लीला मात्र सुरुवातीला या नियमाची गरज पडली नाही. काकूंच्या बारक्यानंतर थोरला, थोरल्यानंतर त्याची मंगळागौर झालेली बायको, मग तिच्या माहेरची माणसं... शाई वाळायला उसंत मिळालीच नाही.

आमची सासुरवाडी नांदेडची. विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला, या वादात दोन्ही शहरांनी बंद पाळले, मोर्चे काढले. आमच्या घरात तो वाद रोज सकाळी चहाबरोबर होतो. फोटोच्या बाबतीत नांदेडकरांचं म्हणणं असं, की वजिराबादच्या स्टुडिओत काढलेल्या फोटोला जी तकाकी असते ती लातूरच्या पाण्याला नाही. (पाण्याचा विषय निघाला की मी गप्प बसतो. गोदावरी त्यांच्याकडे आहे.)

तर नांदेडहून मामा आले, बायकोचे मामा. त्यांना लग्नातला फेट्यातला फोटो हवा होता. माझा भाचा म्हणाला, "मामा, मी मारतो." त्यानं चकचकीत कागद घातला, प्रिंटचं बटण दाबलं. कागद वीतभर सरकला आणि फेटा उगवला. त्याखाली कपाळ, भुवया, आणि मग ती प्रसिद्ध मिशी. फोटो झकास आला होता. मामांनी कौतुकानं हातात घेतला, मिशीवरून सवयीनं अंगठा फिरवला, आणि मिशी अंगठ्यावर आली! कागदावरच्या मामांच्या गालावर काळा फराटा, आणि खुर्चीतल्या मामांचा हात आपोआप स्वतःच्या ओठांवर गेला, खरी जागेवर आहे ना बघायला.

यामागचं शास्त्र पुष्कळांना माहीत नसतं. बऱ्याच स्वस्त प्रिंटरांत तिन्ही रंगीत शाया पाण्यात विरघळणाऱ्या असतात. काळी मात्र बारीक भुकटीची असते, कारण साध्या कागदावर अक्षरं ठसठशीत उमटावीत. ही भुकटी चकचकीत कागदात मुरत नाही, वरच बसते. म्हणून प्रिंट काढताना 'पेपर टाइप' या खान्यात साध्या कागदाऐवजी ग्लॉसी फोटो पेपर निवडावा लागतो. तसं केलं की अशी यंत्रं भुकटीची काळी बाजूला ठेवतात आणि तीन रंग मिसळून काळा तयार करतात. सोबत क्वालिटी 'हाय' करायची, कागदाची कोरी चमकदार बाजू शाईकडं आहे का बघायचं, आणि कागद निदान दोनशे जीएसएमच्या पुढचा घ्यायचा. त्याहून पातळ कागद शाई पिऊन पापडागत वळतो. एवढं केलं की फोटो पुष्कळ सुधारतो. प्रिंटर बदलायच्या आधी हा एक खाना बदलावा. निम्म्या लोकांची तक्रार तिथंच संपेल. मामांची संपली नाही. त्यांनी नांदेडात जाऊन सांगितलं, "लातूरला मिशा टिकत नाहीत."

टिकण्यावरून आठवलं. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, सहाव्या निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ नावाचे फोटोग्राफर होते; १८९४ मध्ये त्यांना 'राजा' हा किताब मिळाला. त्या काळी फोटो छापायचा कागद अंड्याच्या पांढऱ्यानं तयार करत आणि त्यावर चांदीचं मीठ चढवत. म्हणजे एखाद्या माळकरी आजोबांनी हौसेनं फोटो काढून घेतला असता, तर ते जन्मभर अंड्यावर उमटून राहिले असते आणि रोज त्यांच्यापुढं उदबत्ती लागली असती. दीनदयाळांचे ते प्रिंट सव्वाशे वर्षांनंतरही संग्रहालयांत आहेत. आमचा विरघळत्या शाईचा फोटो खिडकीसमोर लावला तर काही वर्षांत नवरदेवाचा गुलाबी फेटा उडून नवरदेव वैराग्य आल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय आहेत: उन्हापासून लांब ठेवा, काचेत बसवा, पण छापल्यावर एक दिवस मोकळा वाळू द्या. ओला फोटो काचेला चिकटला तर तो सोडवता येत नाही. आणि बाटली कंपनीचीच घ्या. डुप्लिकेट शाईत पैसे वाचतात, माणसं उडतात.

इथवर सगळं शिकता येतं. पुढं आल्या सासूबाई.

सासूबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. "जावईबापू, माझा एक चांगला फोटो आत्ताच काढून ठेवा. नाहीतर मी गेल्यावर ही माणसं आधारकार्डावरचा लावतील." मुद्दा बिनतोड होता. आधारकार्डावर माणूस ओळखू येतो तो फक्त नंबरावरून.

मी मन लावून काम केलं. सकाळच्या उजेडात ओसरीवर फोटो घेतला. संगणकाचा पडदा फार उजळ असतो, आणि म्हणूनच कागदावर फोटो काळवंडतो. तेव्हा आधी पडद्याचा उजेड कमी केला. छोट्या तुकड्यावर नमुना छापला, दिवसाच्या उजेडात धरून बघितला, मग मोठा काढला. हिरवी इरकल हिरवी आली, कुंकू कुंकवाच्या रंगाचं, आणि सासूबाई हुबेहूब सासूबाई.

त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "ही कोण?"

"आई, तुम्हीच की."

"मी अशी हाय?" मग थोड्या वेळानं, हळूच, "जरा उजळ करा की."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की रंग दोन ठिकाणी नाही, तीन ठिकाणी जुळवायचे असतात. पडदा आणि कागद जुळवायला कंपन्यांनी प्रोफाइल नावाच्या फायली केल्या आहेत. पण प्रत्येक माणसाच्या मनात स्वतःचा म्हणून एक चेहरा असतो, बहुधा लग्नाच्या वर्षातला. वजिराबादचे स्टुडिओवाले हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखून होते. फोटोवर हात फिरवताना त्यांची नजर गिऱ्हाइकाच्या समाधानावर असायची. ती तकाकी पाण्याची नव्हतीच.

पुढं उन्हाळ्यात आम्ही सगळे गावाला गेलो आणि परत आल्यावर सासूबाईंनी पुन्हा फोटोची आठवण करून दिली. काढला. पण मधल्या दिवसांत प्रिंटर नुसता पडून होता, पिवळी शाई वाळून अडकली होती. पिवळा गेला की चेहऱ्यात किरमिजी वर येतो. इरकल निळी झाली, मागची भिंत जांभळट. पण सासूबाई गुलाबी, गोऱ्यापान, लाजल्यासारख्या. मी तो फोटो फाडणार तोच त्यांनी हिसकावून घेतला.

"हां! आत्ता कसं माणसावानी आलं. असेच अजून चार काढा. एक पुण्याच्या लेकीला, एक मामाला."

पण तोवर मी हेड क्लीनिंगचं बटण दाबून बसलो होतो. पिवळी शाई झुळझुळ सुरू झाली. प्रिंटर ठणठणीत झाला आणि त्यामुळं चांगला फोटो निघेना. शेवटी सेटिंगमध्ये शिरून पिवळ्याची पट्टी मुद्दाम खाली ओढली, किरमिजी किंचित वर, उजळपणा थोडा जास्त. बिघाड जसाच्या तसा हातानं तयार केला. पुन्हा शोधावं लागू नये म्हणून ते सेटिंग 'सासूबाई' या नावानं साठवून ठेवलं. फोटो नांदेडला पोचले. मामांनीही मान्य केलं, की लातूरला आता जमायला लागलंय.

ही नावाची गोष्ट आमच्या भाच्यानं गल्लीत फोडली. आता काकू येतात त्या मोबाईल पुढं करून थेट सांगतात, "सर, ह्यो फोटो सासूबाईमध्ये काढा." काकूंची सून सासूबाईमध्ये निघाली. तिची नणंद निघाली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या अण्णांनी दाढीच्या खुंटांसकट स्वतःला सासूबाईमध्ये काढून घेतलं आणि गल्ल्यामागं लावलं. पिवळी शाई जशीच्या तशी राहते, किरमिजी आठवड्याला संपते.

परवा सासूबाई लातूरला आल्या. काकूंच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या आणि भिंतीवरची सगळी गुलाबी मंडळी बघून तरातरा परत आल्या. दारातूनच म्हणाल्या, "काय हो जावईबापू, माझा नांदेडचा रंग साऱ्या लातूरला वाटायलात की काय?"