डाग कोणाचा?

जुन्या गाडीचं इंजिन ऑइल गळणं ही खरं तर गाडी, मालक आणि मेकॅनिक या तिघांमधली खासगी बाब. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाचं खासगी असं काय असतं? आमच्या सोसायटीनं गेल्या वर्षी वर्गणी काढून पार्किंगला नवे पेव्हर ब्लॉक बसवले. एक राखाडी, एक विटकरी. त्यानंतर लगेचच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर एका काळ्या डागाचा फोटो आला. आकार कळावा म्हणून डागाशेजारी बॉलपेन ठेवलेलं. खाली सेक्रेटरींचा मजकूर : ‘संबंधितांनी नोंद घ्यावी.’ अख्ख्या सोसायटीत १९९९ सालची गाडी एकच. त्यामुळे संबंधित कोण, यावर मतदान घ्यायची गरज पडली नाही.

‘एसीचं पाणी असेल,’ असं मी म्हणून पाहिलं. दुर्दैवानं तळमजल्यावर एक काका राहतात. सगळी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात झालेली. निवृत्तीनंतर खात्याला ते सुटले, खातं त्यांना सुटलेलं नाही. त्यांनी डागात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. एसीचं पाणी बिनरंगाचं, बिनवासाचं. कूलंट हिरवं नाही तर गुलाबी, वासाला गोडसर. ब्रेक ऑइल पिवळट. पॉवर स्टिअरिंगचं बहुधा तांबडं. ‘हे काळं आहे, म्हणजे इंजिन ऑइल. आणि बरेच महिने बदललेलं नाही.’ यातलं शेवटचं वाक्य वॉचमन मामांसमोर बोलायचं काही कारण नव्हतं.

सल्ल्यांची गळती त्या दिवसापासून सुरू झाली. जाड ऑइल टाका, २०डब्ल्यू-५०, असं मेव्हणे म्हणाले. जाड ऑइलनं गळती जराशी मंदावते, पण कडक झालेलं रबर काही मऊ होत नाही. कोणी बाजारात मिळणारं गळतीचं औषध सुचवलं. मुलगा म्हणाला, ‘बाबा, स्क्रॅप.’ तरुण माणसाला सगळ्यावर हा एकच उपाय दिसतो. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. तिची फी आधी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ मध्ये ५००० झाली. वर पर्यावरण कर वेगळा. आरटीओच्या रांगेत उभं राहून हे सगळं भरलेल्या माणसाला चार थेंबांसाठी गाडी भंगारात काढा म्हणणं हा निव्वळ क्रूरपणा आहे.

चार थेंब म्हणतो खरा, पण काकांनी त्याचाही हिशेब मांडला. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलीटर. मिनिटाला एक थेंब धरला तर दिवसाला १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलीटर. पंधरवड्यात एक लिटर! आणि बहुतेक छोट्या गाड्यांत ऑइलच्या गेजवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत फरक असतो तोच लिटरभराच्या आसपास. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागेल तेव्हा बघू, म्हणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नसतो, ऑइलचा दाब गेल्याचा असतो. तो लागला की जिथे असाल तिथे गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचं. ‘घर जवळच आहे’ हा विचार त्या क्षणी फार महाग पडतो.

पहिल्या मेकॅनिकनं गाडीखाली डोकं घातलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर त्याला थेंब लोंबताना दिसला. लगेच निकाल : ‘मागचं क्रँक सील गेलंय, साहेब. गिअरबॉक्स उतरवायला लागेल.’ क्रँक सील म्हणजे रबराची एक चकती. ती स्वस्त असते. तिच्यापर्यंत पोचायची मजुरी मात्र काही हजारांत जाते. मी विचार करून सांगतो म्हटलं. आपल्याकडे याचा अर्थ मेकॅनिकलाही कळतो.

दुसरे मिस्त्री नाना पेठेतल्या एका गल्लीत सापडले. तिथे आजूबाजूला स्पेअर पार्टची इतकी दुकानं आहेत, की नाव आठवलं नाही तरी तुटका तुकडा दाखवून काम होतं. मिस्त्रींनी गाडीखाली पाहिलंच नाही. म्हणाले, ‘ऑइल वरून खाली येतं, आणि गाडी धावली की वाऱ्यानं मागं जातं. थेंब पडतो तिथं भोक नसतं.’ डिझेल आणि ब्रश घेऊन त्यांनी आधी इंजिन धुतलं, हवा मारून कोरडं केलं. मग गंभीरपणे विचारलं, ‘घरात पावडर आहे का? तोंडाला लावायची.’

गाडी बायकोच्या नावावर, म्हणून तिचाच पावडरचा डबा मी घेऊन गेलो. मिस्त्रींनी ती इंजिनवर सढळ हातानं उधळली आणि मला स्वारगेटपर्यंत एक चक्कर मारायला पाठवलं. गाडी तापली तसा मोगऱ्याचा वास सुटला. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं दोनदा वळून पाहिलं, आणि दोन्ही वेळा गाडीकडे नाही, माझ्याकडे.

परत येऊन बॉनेट उघडलं, तर पांढऱ्यावर काळी वाट स्पष्ट उमटलेली. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून ती इंजिनच्या पाठीवरून थेट गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत उतरली होती. क्रँक सील निर्दोष सुटलं. कव्हरचं पॅकिंग काढलं तर ते वाकवताच तुटलं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर कडक झालेलं.

पण ‘पॅकिंग का गेलं ते बघू’ म्हणून मिस्त्रींनी ब्रीदरचा पाईपही काढला. इंजिन चालताना पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली चेंबरमध्ये निसटतो. त्यानं बाहेर पडायचं ते या पाईपातून. आमच्या पाईपात काळा गाळ बसून तो बंद झाला होता. प्रेशर कुकरची शिट्टी अडकावी तसा आतला दाब वाढत होता, आणि जिथलं रबर कमजोर, तिथून ऑइल बाहेर ढकलत होता. नुसतं पॅकिंग बदललं असतं, तर काही महिन्यांनी दुसरीकडून गळलं असतं. मिस्त्रींनी ब्रीदरचा व्हॉल्व्ह धुतला, पाईप नवा घातला, कव्हरचे बोल्ट बेतानंच आवळले. फार आवळले तर पत्रा वाकतो आणि गळती पुन्हा सुरू. सगळा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे किरकोळ होता. पावडरचा डबा मात्र नवा आणावा लागला, तोही आधीच्यापेक्षा मोठा.

तुमच्या गाडीखाली डाग दिसला, तर आधी इंजिन धुऊन घ्या, ब्रीदर बघायला सांगा, मगच गिअरबॉक्सला हात लावू द्या. आणि या मिस्त्रींचा पत्ता मात्र मागू नका. त्यांच्याकडे आधीच दोन आठवडे थांबावं लागतं.