नानांच्या नातीचा जबडा

अहो, ऐकलंत का? नानांच्या नातीचं झालं एकदाचं! छे हो, लग्न कुठलं, जबड्याचं ऑपरेशन! जरा अशा कुंपणाशी या, त्यांची खिडकी सताड उघडी असते.

तिचा खालचा जबडा पुढे होता, हे काय मी सांगायला हवं? अख्ख्या भांगरवाडीला माहीत. पण ती वडापाव कशी खायची, ते कधी नीट बघितलंत? मी बघायचे. खालचे दात वरच्यांच्या पुढे, मग पुढून तोडणार कसं? हातानं बारीक तुकडे करायचे नि दाढेखाली सरकवायचे. जन्म लोणावळ्यातला आणि चिक्की खायची खलबत्त्यात कुटून! आणि लोक म्हणतात, लग्नासाठी तोंड बदललं. कोण म्हणतं ते सांगतेच, थांबा...

तर काय सांगत होते? हां, दातांच्या तारा. चौदाची होती तेव्हाच आईनं डॉक्टर गाठला होता. ते म्हणाले, थांबा. तारांनी दात सरकतात, हाड जागचं हलत नाही. आणि वाढत्या वयात हाड कापलं, तर राहिलेली वाढ होऊन जबडा पुन्हा पुढे येऊ शकतो. मुलींना साधारण सोळा-सतरापर्यंत, मुलांना त्याहून जास्त थांबवतात म्हणे. माउलीचं तोंड असं उतरलं होतं त्या दिवशी!

पुढे कॉलेज संपल्यावर हिनं स्वतःच विषय काढला. लोकलनं पिंपरीला जायचं, डी. वाय. पाटीलच्या दातांच्या कॉलेजात. आणि गंमत ऐका, वर्षभर तारा लावल्या नि पोरगी आणखीच विचित्र दिसायला लागली! हनुवटी पहिल्यापेक्षा पुढे. समोरच्या वहिनी दळण घेऊन येता येता म्हणाल्या, "गेले पैसे पाण्यात!" मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण तीच तर गोम आहे. माझा भाचा दातांचाच डॉक्टर ना, त्यानं उलगडून सांगितलं. इतकी वर्षं दातांनी आपापली सोय लावून घेतलेली असते. खालचे आत कलतात, वरचे बाहेर, कसंबसं जुळवून घेतात. तारांनी ते आधी सरळ उभे करायचे, म्हणजे हाडातली खरी तफावत उघडी पडते. मग हाड मागे नेलं की दात एकमेकांवर नीट बसतात. ऑपरेशनच्या आधी तोंड बिघडलेलं दिसणं हा प्लॅनच असतो! वहिनींना हे सांगितलं, तर दळणाचा डबा या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "असेल बाई."

ऑपरेशन सगळं तोंडाच्या आतून हो, गालावर एक टाका नाही. पूर्ण भूल, नळी नाकातून, कारण काम तोंडात. दोन्हीकडे दाढांच्या मागचं हाड उभं फाकवायचं, दातांचा भाग मागे सरकवायचा आणि टायटॅनियमच्या पट्ट्या नि स्क्रूंनी पक्का करायचा. झुरिकच्या ओबवेगेसर डॉक्टरांनी १९५०च्या दशकात ही रीत बसवली. अक्कलदाढा तर हिच्या आधीच काढल्या होत्या.

घरी आली तेव्हा चेहरा असा सुजलेला, की नानांनी बघून न बघितल्यासारखं केलं. दातांना रबर बँड, बोलणं बंद. आधी नुसतं पातळ, मग इंद्रायणीचा गुरगुट्या भात, तोही मिक्सरमधून काढून. सार पिताना ओघळ हनुवटीवर यायचा आणि हिला पत्ताच नाही! खालच्या ओठाची नस त्याच हाडातून जाते ना, ती बधिर होते. बहुतेकांना काही महिन्यांत जाणीव परत येते, काहींना थोडा बधिरपणा राहतोही. डॉक्टरांनी आधीच सांगून सह्या घेतलेल्या.

आणि अशात कोण यावं? कामशेतची आत्या! बसली नाही तोच, "लग्नासाठी एवढं सोसायचं का गं?" हिला बोलता येईना. फोनवर काहीतरी टाइप केलं नि पुढे धरला. आत्याकडे चष्मा नाही, म्हणून फोन आला माझ्या हातात. मोठ्यानं वाचलं, "आत्या, लग्नाचं नंतर बघू. आधी तुझ्या हातची कडक भाकरी पुढच्या दातांनी तोडायचीय." आत्याचा चेहरा बघायला हवा होतात! आई तर पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाली.

मला काय बुद्धी झाली, शांतता मोडायला मी भाच्याकडून ऐकलेलं सांगत सुटले. स्पेनचा राजा होता दुसरा चार्ल्स, त्याचा जबडा एवढा पुढे की घास धड चावता येत नसे. १७०० साली निपुत्रिक वारला आणि गादीवरून युरोपभर लढाया पेटल्या. त्याचे आईबाप सख्खे मामा-भाची! घराण्यातच लग्नं लावत गेले, तसा जबडाही चालत आला. बोलून गेले नि जीभ चावली. आत्याच्या मनात तिच्या मुलासाठी हीच पोर होती, हे काय लपून आहे?

आत्यानं चहा अर्धा ठेवला. मी फाटकापर्यंत सोडायला गेले, तर इकडेतिकडे बघत हळूच म्हणते, "आमच्या धाकट्याचीही हनुवटी जरा तशीच आहे हो... पस्तिशीत करतात का ते?"

म्हटलं, करतात की.

"आणि वर्षभर आणखी वाकडं दिसतं म्हणालात ना? मग स्थळं बघायची ती आधी की..."