अपील नाही, पण…

इंदापूरकडे शेजाऱ्याने बांधाला चर मारून उसाच्या ट्रॉलीची वाट अडवली, की मदतीला धावतो १९०६ सालचा मामलेदार न्यायालय कायदा. दाद सहा महिन्यांत मागायची; सातव्या महिन्यात चर तसाच राहतो, बुजते ती आपली तक्रार. तहसीलदारांनी वाट मोकळी करण्याचा हुकूम दिला, तर त्यावर अपील नाही, असं कलम २३ ठणकावतं आणि पुढच्याच पोटकलमात फेरतपासणीचं दार किलकिलं ठेवतं. शेजारी निघाला बारामतीला, प्रांतसाहेबांकडे. तिथून स्थगिती. पुढे दिवाणी दावा आहे, अनुच्छेद २२७ घेऊन मुंबईत उच्च न्यायालयही आहे.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मूलभूत राहिला नाही, आता तो ३००-अ खाली घटनात्मक आहे, हा फरक वकीलसाहेब चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या समजावतात. बायकांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे सांगायला मात्र त्यांना सवड होत नाही. सातबारा आईच्या नावावर आहे, तरीही.

तोडणीच्या टोळीला पुढची तारीख चालत नाही. ती शेजाऱ्याच्या फडात शिरलीसुद्धा.