पुढच्या जाहिरातीपर्यंत

(गोंदिया जिल्ह्यातील परिचारिका उमेदवारांसाठी मार्गदर्शिका, सुधारित आवृत्ती)

ही मार्गदर्शिका पहिल्याच प्रयत्नात पास होणाऱ्यांसाठी नाही. त्यांनी पान उलटावे आणि निकालाचे स्टेटस निदान आठवडाभर तरी ठेवू नये. आमच्या आयांकडेही व्हॉट्सअॅप आहे.

बाकीच्यांनी आधी स्वतःची नेमकी अवस्था समजून घ्यावी. तुम्ही जीएनएमची तीन नाहीतर बीएस्सीची चार वर्षे काढलीत आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी केलीत, म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही परिचारिका आहात. वॉर्डातले पेशंट तुम्हाला ‘सिस्टर’ म्हणतात, आणि सलाईन संपली की फारच मोठ्याने म्हणतात. घरच्यांच्या लेखी मात्र तुम्ही अजून ‘तयारी करते’. अमेरिकेत परिचारिका म्हणून परवाना हवा तर एनक्लेक्स नावाची परीक्षा द्यावी लागते. 85 ते 150 प्रश्न, कमाल पाच तास. मध्येच संगणक ठरवतो की या बाईची परीक्षा घेऊन झाली, आणि बंद पडतो. नापास झाल्यास 45 दिवसांनी पुन्हा बसता येते. आपल्याकडे परवान्याला अशी परीक्षा नाही. परीक्षा आहे ती पर्मनंट होण्याची. आणि 45 दिवसांत आपल्याकडे फार तर अर्जाला मुदतवाढ दिल्याचे शुद्धिपत्रक निघते.

तेव्हा अभ्यासाला वाट पाहण्यापासून सुरुवात करावी. या विषयाला पुस्तक नाही, इतिहास मात्र आहे. मार्च 2019 मध्ये जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात आली, अर्ज भरले गेले, शुल्क जमा झाले, आणि 2022 मध्ये ती भरती रद्द होऊन शुल्क परत करायचे ठरले. परीक्षा न देता पैसे परत मिळण्याचा हा योग सर्वांच्या नशिबी येत नाही. दरम्यान 2021 मध्ये आरोग्य विभागाची परीक्षा 25 आणि 26 सप्टेंबरला ठरली. 24 च्या रात्री ती पुढे ढकलल्याचे कळले. ज्या पोरी संध्याकाळीच निघाल्या होत्या, त्यांना ही बातमी गाडीत मिळाली. मग 24 आणि 31 ऑक्टोबरला पेपर झाले, ते फुटल्याचे डिसेंबरात पोलिसांच्या तपासात निघाले, आणि शेवटी तेही रद्द. या काळात ज्यांनी काहीच अभ्यास केला नाही आणि ज्यांनी रात्रंदिवस केला, त्यांचे गुण सारखे आले. समानतेचे तत्त्व इतक्या काटेकोरपणे दुसरीकडे कुठे पाळलेले दिसत नाही.

वयाकडे लक्ष असू द्यावे. राज्याच्या परीक्षांना खुल्या प्रवर्गात 38 आणि मागासवर्गाला 43 पर्यंत बसता येते, तिथे धीर धरायला जागा आहे. एम्सची ‘नॉरसेट’ मात्र 30 ला दार लावते. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, म्हणजे मे 2029 नंतर खुद्द जिल्ह्यालाही नॉरसेट देता येणार नाही. ओबीसीचा दाखला काढून ठेवला असेल तर तीन वर्षे सवलत मिळेल. ब्रदर उमेदवारांनी हेही लक्षात घ्यावे की एम्समध्ये 80 टक्के जागा महिलांसाठी आहेत. उरलेल्या 20 टक्क्यांत सगळ्या देशाचे ब्रदर उभे असतात.

अर्ज ऑनलाइनवाल्याकडूनच भरून घ्यावा. घरी भरला तर सहीचा फोटो कमी केबीचा होतो, अंगठ्याचा जास्त, आणि शेवटच्या दिवशी साइट पैसे कापून घेऊन गप्प बसते. लग्न झालेल्यांनी आपले नाव नक्की काय आहे हे एकदा ठरवून टाकावे. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचे, परिषदेच्या नोंदणीवर वडिलांचेच पण आडनावात एक वेलांटी कमी, आधारवर नवऱ्याचे, आणि बँकेत दोघांचे मिळून काहीतरी. कागदपत्र तपासणीच्या टेबलावर या चार बाया एकच आहेत हे सिद्ध करावे लागते. नॉन-क्रिमीलेयरची मुदत 31 मार्चला संपते. अर्जाची अंतिम तारीख साधारणपणे त्याच्या थोडी पुढे का असते, यावर संशोधनाला वाव आहे.

आता मराठी. तांत्रिक भागात तरलेल्या आपल्या पोरी या भागात बुडतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. गोंदियाच्या लेबर रूममध्ये बालाघाटकडची बाई हिंदीत कळा देते, आमगावची आजी पोवारीत धीर देते, सालेकशाकडची गोंडीत काही सांगते, डोंगरगडकडची छत्तीसगढीत. सिस्टरला सगळ्यांचे कळते. पण पेपरात या कळण्याला गुण नाहीत. ‘मला मळमळते’ असे कोणी म्हणाले की वॉर्डात किडनी ट्रे घेऊन धावायचे. पेपरात मात्र जागेवरून न हलता ‘भावकर्तृक क्रियापद’ या पर्यायावर टिक करायची. नाइट ड्युटी करून थेट केंद्रावर आलेल्यांचा हात इथे ट्रे शोधू लागतो, असा अनुभव आहे.

सामान्य ज्ञानासाठी एक खास प्रश्न देऊन ठेवतो. पहिल्या वर्षाला मेणबत्ती हातात धरून जी नाइटिंगेल शपथ घेतली, ती कोणी लिहिली? नाइटिंगेलबाईंनी नव्हे. ती 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली. आणखी एक : परीक्षा घेऊन परिचारिकांची सरकारदरबारी नोंदणी करण्याला खुद्द नाइटिंगेलबाईंचा विरोध होता; चांगली नर्स पेपरावरून ओळखता येत नाही, असे त्यांचे मत होते. हे उत्तर पाठ करावे, पण मुलाखतीत बोलू नये.

तांत्रिक भागातला सर्वात धोकादायक शब्द ‘प्रथम’. ‘प्रसूतीनंतर रक्तस्राव वाढला आहे. परिचारिकेची प्रथम कृती कोणती? (अ) डॉक्टरांना कळवणे (ब) गर्भाशयाला मसाज करणे (क) सलाईन सुरू करणे (ड) बीपी पाहणे.’ रात्री तीन वाजता हा प्रश्न वॉर्डात येतो तेव्हा डावा हात बाईच्या पोटावर गर्भाशय चोळत असतो, उजवा हात जेल्कोचे पाकीट दाताने फाडण्याच्या बेतात, तोंडाने ‘मावशी, कॉल द्या!’ चाललेले, एक डोळा मॉनिटरवर आणि दुसरा दारातून आत घुसणाऱ्या दिरावर. पुस्तकातले उत्तर (ब). जिने हे पुस्तकात वाचले ती पटकन लिहून पुढे जाते. जिने हे हाताने केले आहे ती इथे अडकते, कारण तिने चारही केलेले असतात आणि ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय नेमका या प्रश्नाला नसतो. नॉरसेटमध्ये चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतो. बाई वाचली याचे गुण अधिक होत नाहीत.

म्हणून अनुभव घरी ठेवून जावे. कंत्राटावर अकरा-अकरा महिन्यांनी नव्याने नेमणूक होऊन वर्षानुवर्षे वॉर्ड सांभाळणाऱ्यांना हे जड जाते. ज्या कामासाठी आपण लायक आहोत का हे सरकारला तपासायचे आहे, तेच काम सरकारसाठी करून, त्याच्याच नाइटवरून सुटून, त्याच्याच परीक्षेला जायचे असते. यात विसंगती वाटत असेल तर तर्कशक्तीच्या भागात तुम्ही कमजोर आहात.

केंद्राच्या पसंतीत नागपूर टाकावे. मिळेल ते मुकाट्याने घ्यावे. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. वेळापत्रकात हे अंतर दोन-अडीच तासांचे आहे, प्रत्यक्षात पुढे किती मालगाड्या आहेत यावर आहे. सकाळच्या शिफ्टला आदल्या रात्रीच पोचायला हवे. नागपुरात मावशी नसेल तर परीक्षेच्या वर्षभर आधीपासून एखादी जोडून ठेवावी.

खरी तोंडी परीक्षा दिवाळीनंतर, मंडईत. गावोगावच्या मंडईला लेकी-बाळी, जावई, पाहुणे जमतात, रात्री नाटक असते, आणि नाटकाला वेळ असतो. ‘काहून वं, लागली का नाई अजून?’ हा पहिला प्रश्न अनिवार्य. ‘तुझ्यासंगची ती लागली नं?’ हा दुसरा. उत्तर थोडक्यात द्यावे : ‘नॉर्मलायझेशन राहिलं आहे, आत्या.’ याचा अर्थ आत्याला कळत नाही, तुम्हालाही नाही. विषय तिथेच संपतो. वेगवेगळ्या शिफ्टमधल्या पेपरांची काठिण्यपातळी सारखी करण्याचे हे गणित आहे. 2023 च्या तलाठी भरतीत याच गणिताने 200 गुणांच्या परीक्षेत 214 गुण मिळाल्याचे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यामुळे शंभरपैकी शंभर मिळाले म्हणून पेढे वाटू नयेत. कटऑफ लागेपर्यंत थांबावे. आणि रोवणीच्या दिवसांत निकाल आला तर बांधीतून बाहेर येऊन, हात धुऊन मगच मोबाईल घ्यावा. चिखलाच्या बोटाने यादी खाली सरकत नाही आणि आपले नाव नाही असे उगाच वाटते. हात धुतल्यावर नाव नसल्याची खात्री होते.

यदाकदाचित नाव निघालेच, तर पोस्टिंग सिंधुदुर्गात असेल हे गृहीत धरून बॅग भरावी. पुस्तके रद्दीत घालू नयेत. चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय तपासणी, कोणाची तरी याचिका आणि तिच्यावरची स्थगिती एवढे सगळे पार पडून पहिला पगार खात्यात दिसला, की ती मावसबहिणीला द्यावीत. तिचे जीएनएमचे तिसरे वर्ष तोवर संपत आलेले असते. पेन्सिलीने केलेल्या खुणा आधी खोडून टाकाव्यात. मधल्या काळात उत्तरतालिका दोनदा सुधारलेली असते.